त्या रेडिओच्या उलट्या वायरी

दादा, मागच्या रविवारी माझ्याकडे एक खेळण्यातली गाडी जळाली. बदलापूरला माझ्या घराच्या गॅलरीत दर रविवारी सात-आठ मुलं बसतात. बंद पडलेली खेळणी, मिक्सर, इस्त्री, घरात जे सापडेल ते घेऊन येतात आणि आम्ही ते खोलून आत काय चालतं ते बघतो. बारवी धरणाकडच्या पाड्यावरून येणाऱ्या एका मुलीने शेजारच्या मुलाच्या रिमोटवाल्या गाडीला सेलच्या वायरी उलट्या जोडल्या. करपल्याचा वास आला. मी काही विचारायच्या आत ती उभी राहिली. "बाई, मी केलं. लाल-काळी उलटी लागली." गाडीवाला म्हणाला, "झालं, गाडीचं भरीत केलं हिने." सगळी हसली, तीही ओशाळून हसली. मला काही हसू आलं नाही.

कॅम्प चारमधलं तुमचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आठवलं. मी सोळा वर्षांची, शाळा सुटलेली, समोरच्या ब्लॉकमध्ये राहणारी. तुम्ही शिकवायला म्हणून कधी बसवलं नाहीत; एखादं मोडकं खेळणं पुढ्यात सरकवायचात नि म्हणायचात, "पहले आंख से खोल, बेटी. पेचकस बाद में." एका दुपारी तुम्ही जेवायला वर गेला आहात. टेबलावर एका मास्तरांचा रेडिओ उघडा आहे, सकाळी तुम्हीच दुरुस्त केलेला. बॅटरीच्या वायरी मला जोडता येतात का, एवढंच मला बघायचंय. काढते, जोडते, आणि उलट्या जोडते. वास येतो. मी वायरी होत्या तशा करते, पंखा लावते आणि झाडू घेऊन दुकान झाडायला लागते.

तुम्ही येऊन बटण फिरवलंत. रेडिओ गप्प. चष्मा पुसलात, पुन्हा आत बघितलंत. संध्याकाळी मास्तरांना म्हणालात, "मेरे हाथ से गया, मास्टरजी. आंखें अब साथ नहीं देतीं." त्यानंतर बारीक काम तुम्ही सोडलंतच. सोल्डरिंग माझ्याकडे दिलंत आणि स्वतः काउंटरवर बसून गिऱ्हाइकांशी बोलत राहिलात. लोक म्हणायचे, पोरीला घडवली दादांनी. खरंच आहे ते, त्याच कामावर माझा संसार उभा राहिला. शेवटी शेवटी मी तुमच्या उशाशी बसून पेपर वाचून दाखवायचे, कारण वाचायचंही तुम्ही सोडून दिलं होतंत. तेव्हा रोज जिभेवर यायचं, आणि रोज मी पुढची बातमी वाचायचे.

ती गाडी मी त्या मुलीलाच दुरुस्त करायला लावली. मान खाली घालून काम करता करता तिने विचारलं, "बाई, तुमच्या हातून कधी काय जळलं का?"

"पुष्कळदा."

"मग तुम्हाला शिकवणारे ते दादा ओरडायचे?"

"नाही गं. कधीच नाही."

तिथे सांगता आलं असतं. तुमच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात, हे पत्र टाकायला पत्ता नाही, असं मी स्वतःला समजावते. पण तुमच्या डोळ्यांना काहीच झालं नव्हतं, हे त्या एवढ्याशा पोरीपुढेसुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही.