आजोबांसमोरचा नाच

प्रिय लुसेआने,

फोनवर तू रडतेस आणि मी ओरडते, म्हणून आज लिहायलाच बसले. तुझा विलिआमी काका गेला महिनाभर माझ्यासमोर उभा राहायला धजत नाही. आजोबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला माइक त्याच्याच हातात होता ना! 'आता नाचणार आपल्या कॉलेजची व्हॉलीबॉल स्टार' असं तो गरजला, कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं आणि तो व्हिडिओ फिरत फिरत कॉलेजच्या खेळाच्या समितीकडे गेला. नुसतं 'आजोबांची नात' म्हटला असता तर काय जीभ झडली असती मेल्याची? पण त्याला तरी किती बोलू. अभिमान वाटला, बोलून गेला.

तू नाचायला लागलीस तशी पहिली नोट मीच तुझ्या दंडावर चिकटवली. खोबरेल तेल चोपडलेलं होतं, चटकन बसली. मग सगळ्या बायका उठल्या आणि तू नोटांनी मढलीस. नाच संपल्यावर तशीच आजोबांपुढे वाकलीस, आणि सगळे पैसे चर्चच्या छपराला गेले. त्यातली एक नोट तरी तू घरी नेलीस का? आपल्या टोंगन लोकांत नोटा चिकटवणं म्हणजे मान देणं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. समितीला मात्र दिसली खेळाडू मुलगी आणि तिच्या अंगावरचे पैसे. हौशी खेळाडूनं नाव विकून कमाई केली म्हणे, आणि तुझं खेळणंच बंद केलं! तुझ्या नंबरचे टी-शर्ट कॉलेजच्या दुकानात धडाधड विकले जातात, ते पैसे कुणाच्या खिशात जातात हे कुणी विचारत नाही.

सहा वर्षांची होतीस तेव्हा मी तुला अंगणात नाच शिकवायला उभी करायचे आणि तू काखेतला बॉल सोडायची नाहीस. हात वर कर म्हटलं की एकच हात वर. मी कपाळावर हात मारून घ्यायचे. त्या बॉलनंच तुला कॉलेजात नेलं, आणि हे तुझं शेवटचं वर्ष. शुक्रवारच्या सामन्यासाठी तुझा जीव कसा तुटतोय, मला कळत नाही असं समजू नकोस.

आजोबा बरे आहेत. रविवारी अळूच्या पानातलं मटण दोनदा मागून खाल्लं. पण परवा जेवता जेवता म्हणाले, "माझा वाढदिवस करायलाच नको होता." ऐंशी वर्षांच्या माणसानं जन्माला आल्याबद्दल माफी मागायची? माझं डोकंच फिरलं. तुझ्यावरच्या बंदीविरुद्ध आपण कॉलेजवर कोर्टात दावा लावलाय, तो मागे घेऊ या असं घरात काहीजण कुजबुजत होते, त्यांनी त्या दिवसापासून तो विषय सोडला.

आता खरं लिहिते. काल कॉलेजची वकीलबाई घरी आली होती. गोड बोलली, माझा केक खाल्ला आणि मग कागद पुढे केला. त्यात लिहिलेलं: आम्ही अडाणीपणानं खेळाडूला तिच्या नावाबद्दल पैसे दिले, चूक कबूल, दावा मागे. पहिली नोट माझी, म्हणून माझी सही हवी. ती झाली की तू शुक्रवारी खेळणार. खाली तुझी सही आधीच होती. पोरी, मला राग आला नाही. तुझ्या वयात मीही केली असती. पण मी तिला म्हणाले, "बाई, मी माझ्या बापाला मान दिला. ती मजुरी होती असं मी लिहून देणार नाही." उद्या आपल्या दुसऱ्या कुणाची पोर खेळाडू झाली आणि आजोबांसमोर नाचली, तर तिच्या तोंडावर माझीच सही फेकतील. बाई कागद घेऊन गेली. म्हणजे तू शुक्रवारी खेळणार नाहीस, आणि ते माझ्यामुळे. हे वकिलाच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. आजवर आत्याचा शब्द घरात कुणी मोडला नाही. तुला मोडायचा असेल तर खुशाल मोड. सोमवारी सुनावणी आहे. ये. कॉलेजच्या बाजूच्या बाकावर बसलीस तरी मी तुझ्याकडे बघून, तो मान होता, मजुरी नव्हती, हेच सांगणार आहे.

रागावलीस तरी तुझीच,
अनासेइनी आत्या