कुपी हलवू नये

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

माझं आयुष्य नेमकं कुठे वळलं ते सांगतो. परवा आमच्या कंपनीतल्या चाचणीवालीने माझ्या हातातली कुपी काढून घेतली, तिथे. मी ती औषधाच्या बाटलीसारखी खळाखळा हलवत होतो.

आपल्या रक्तात रोगांशी लढणाऱ्या पेशी असतात ना, त्यांच्या अंगावर प्रथिनं असतात. समजा, समोरच्याला धरायचे हात. आम्ही दुसऱ्याच पेशींकडून तेवढे हात तयार करून घेतो, वाळवून भुकटी करतो आणि संशोधकांना विकतो. भुकटीत पाणी सोडलं की गप्प बसायचं. हलवलं तर फेस येतो, हात वेडेवाकडे होतात आणि मग कशालाच धरत नाहीत. हे तिने मला न ओरडता सांगितलं. मला न ओरडता कुणी काही सांगितल्याचं आठवतं का तुला?

चाचणीसाठी दोनच कुप्या होत्या. एक मी घालवली. दुसरीही मीच विरघळवायची, असं ती म्हणते. तीही नापास झाली तर सगळा माल फेकायचा आणि मला घरी पाठवायचं, असं साहेब म्हणतात. मी पास होणार. आणि त्याच दिवशी तिला लग्नाचं विचारणार.

आईला यातलं अर्धंच सांग. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
तोफखाना

ता. ११ फेब्रुवारी

चि. तोफखान्यास अनेक आशीर्वाद.

आईला अर्धं सांगितलं, उरलेलं तिने ओळखलं. तुझे भावोजी म्हणतात, एका कुपीवरून थेट लग्नापर्यंत पोचणारा तू पहिलाच.

अरे, तिच्या मनात काय आहे? सरांच्या खोलीचं दार आपटून कॉलेज सोडलंस, तेव्हाही असाच ठाम होतास. दाराची काच फुटली आणि ती भरून द्यायला मान खाली घालून बाबा कॉलेजात गेले. आधी नोकरी टिकव. तिचा होकार त्यात धरू नकोस.

मला मात्र सगळं कळव, अर्धं नको. माया आहे म्हणून बोलते.

तुझी,
ताई

ता. १९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

सगळं कळवतो. आज कुपीत काठाकाठाने पाणी सोडलं आणि नेमकं तेव्हाच आमच्याकडे प्रथिनं गाळून साफ करणारा गाळणीवाला सहज बोलून गेला, की चाचणीवालीचं लग्न ठरलंय, तिच्या वर्गमित्राशी. माझी कानशिलं तापली. कुपी हातातच होती. फेस येईल, एवढंच डोक्यात राहिलं. ती बर्फात उभी केली, हात पाठीमागे बांधले आणि बघत बसलो. भुकटी आपली आपण विरघळली. काचेसारखं स्वच्छ पाणी.

दुपारी तिने ताटलीतले खळगे दाखवले. सगळे पिवळे, म्हणजे आमच्या हातांनी जोडीदाराला घट्ट धरलं. माल पास, मीही पास. साहेब म्हणाले, यापुढे विरघळवायचं काम याचंच.

मग तिला विचारलं, लग्नाचं खरं का, एवढंच. खरं म्हणाली. कधी कळलं, असं तिने विचारलं. कुपी हातात असताना, असं सांगितलं. मग म्हणाली, अशा वेळी तिच्या स्वतःच्या हातूनही ती कुपी वाचली नसती.

वाईट वाटतंय, ताई. पण माझे हात चांगले आहेत. बाबांनाही सांग. लोभ असावा, या वेळी थोडा जास्तच.

तुझाच,
तोफखाना

ता. क. तुला दाराची काळजी असेल म्हणून लिहितो. निघण्याआधी उरलेलं प्रथिन थंड खोलीत ठेवलं. ती आत नोंदी करत होती. मी बाहेर पडलो आणि दार लावलं. रबराची पट्टी टेकल्याचा आवाज आला, तेवढाच.