कंट्रोल ग्रुप हिच्याकडे

२ जानेवारी, सकाळी सात
नवी वही. यात फक्त संशोधनाच्या नोंदी होतील. घरगुती कुरबुरींना सक्त मज्जाव.

हॉस्पिटलच्या ट्रस्टचं पत्र आलं. ग्रँट मंजूर. विषय: जुनाट मानदुखीवर मसाज थेरपीचा परिणाम. मुख्य संशोधक: मी. ते दोन शब्द तीनदा वाचले. मग हिला वाचून दाखवले. दुय्यम संशोधक कोण, असं हिने विचारलं. तसं पद नसतं, असं सांगितलं.

इतिहासासाठी नोंद: सव्वीस वर्षं आम्ही नवरा-बायको शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत मसाज करतो आहोत. संस्कृत घेऊन पदवीधर झाल्यामुळे पाटीवर मी प्रथम ‘संवाहन केंद्र’ असा मसाजचा शुद्ध शब्द रंगवून घेतला होता. लोक कपाट हलवायचे किती घ्याल, असं विचारायला येऊ लागले. पाटी बदलून ‘मसाज’ केली. तेव्हापासून काही लोक भलतंच विचारायला येतात.

५ जानेवारी
संशोधन का, हे नोंदवून ठेवतो.

गेल्या वर्षी मुलीच्या कॉलेजचा फॉर्म भरायला गेलो होतो. आईचा व्यवसाय या रकान्यात हिने ‘मसाज थेरपिस्ट’ लिहिलं. खिडकीतला कारकून हसला. फॉर्म शेजारच्या कारकुनाला दाखवला. तोही हसला. हिने फॉर्म परत मागून घेतला, लिहिलेलं खोडलं आणि वर ‘गृहिणी’ लिहिलं.

त्याच दिवशी मी ठरवलं. पुरावा उभा करायचा. आकड्यांनी.

हाडांच्या डॉक्टरांनी शब्द दिला आहे. निकाल चांगला आला तर हॉस्पिटलात तळमजल्यावरची खोली, मसाजचा स्वतंत्र विभाग आणि दोन नेमणुका, ओळखपत्रासकट. नाही आला तर ती खोली प्लास्टरच्या सामानाला.

नाही येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

१२ जानेवारी
आकडेवारीच्या मॅडमबरोबर मीटिंग. साठ पेशंट. बंद पाकिटातली चिठ्ठी निघेल त्याप्रमाणे तिसांना खरा मसाज, तिसांना खोटा. खोटा म्हणजे तीच खुर्ची, तीच वीस मिनिटं, पण मानेवरून आणि खांद्यांवरून नुसता हात फिरवायचा, दाब शून्य. याला कंट्रोल ग्रुप म्हणतात. आपला कोणता, हे पेशंटला कळू द्यायचं नाही.

मॅडमचं म्हणणं, दोघांनीही दोन्ही प्रकार आलटून पालटून करावेत. मी नम्रपणे नकार दिला. माझ्या हातून खोटा मसाज होणं शक्य नाही, सव्वीस वर्षांची साधना आहे. हिचा हात मुळातच हलका. तेव्हा खरा गट माझ्याकडे, खोटा हिच्याकडे. मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि आपली असहमती लेखी दिली. फाईलला लावली.

ही म्हणाली, "मला नाही जमणार हो."

काही न करण्यात न जमण्यासारखं काय आहे, असं मी विचारलं.

२८ जानेवारी
हिचा सराव. पेशंटच्या जागी मी. अकरा वेळा बजावलं की बोट थांबवायचं नाही. बारा वेळा थांबलं. माझ्या मानेत डाव्या बाजूला गाठ आहे, असं तिचं निदान. गाठ शोधणं हे कंट्रोल ग्रुपचं काम नाही, याची जाणीव करून दिली.

सराव अर्ध्यात थांबला, कारण मला झोप लागली. दगदग.

१ फेब्रुवारी
शुभारंभ. हॉस्पिटलात शेजारी शेजारी दोन केबिन. माझा पहिला पेशंट शाळेतल्या ग्रंथपाल बाई. चांगलं वीस मिनिटं रगडलं. दुखतंय म्हणाल्या. खरा मसाज दुखतोच.

माझी मान किंचित आखडल्यासारखी वाटते. उद्या जाईल.

१९ फेब्रुवारी
हिच्याकडे एक निवृत्त बस ड्रायव्हर येतात. पहिल्या दिवशी मागे बघायला त्यांना खुर्चीसकट वळावं लागत होतं. आज कॉरिडॉरमधून जाताना मी हाक मारली, तर मान वळवून म्हणाले, बोला साहेब.

हा मनाचा खेळ. आपल्याला उपचार मिळतोय या कल्पनेनेच माणूस सुधारतो. शास्त्राला हे ठाऊक आहे, म्हणून तर कंट्रोल ग्रुप ठेवतात. हिला हे समजावून सांगितलं. ती माझ्या मानेकडे बघत होती.

११ मार्च
माझ्या गटातले चार जण यायचे बंद झाले. कारणं: लग्नसराई, बदली, गैरसमज. चौथ्याने फोनवर कळवलं की आता पुष्कळ बरं वाटतं आहे, विशेषतः दाबणं थांबल्यापासून. ‘पुष्कळ बरं’ एवढं नोंदवलं.

हिच्या गटात तीसच्या तीस हजर. फुकट करमणूक कोणाला नको असते?

मान आता फक्त उजवीकडे वळते. ही म्हणाली, बसा खुर्चीत, पाच मिनिटं. नकार दिला. कंट्रोल ग्रुपच्या थेरपिस्टने मुख्य संशोधकाला हात लावायचा नाही, असा नियम आहे. नियम आजच केला.

२ एप्रिल, दुपारी चार
माझा पेशंट आला नाही. सहज उठलो. हिच्या केबिनचं दार थोडं उघडं होतं. खुर्चीत ड्रायव्हर, मागे ही. हात फिरत होता, नियमाप्रमाणे. मग अंगठा थांबला. मी घड्याळ पाहिलं. अर्धं मिनिट. एक मिनिट. अंगठा हलला नाही. ड्रायव्हरांनी लांब श्वास सोडला आणि त्यांचा खांदा चार बोटं खाली आला.

तो अंगठा मला माहीत आहे. सव्वीस वर्षं माहीत आहे.

केबिनमध्ये उजेड पुरेसा नव्हता. निरीक्षण ग्राह्य धरता येत नाही.

२ एप्रिल, संध्याकाळ
नको असताना ही नोंद करावी लागते आहे.

स्वयंपाकघरात हिने विषय काढला. "हाताखाली गाठ लागली की मला पुढे जाता येत नाही. माणूस इतका आशेने बसलेला असतो समोर. तुम्ही मॅडमना सांगा."

भास झाला असेल, असं मी म्हटलं. ती म्हणाली, सव्वीस वर्षांत भास झाला नाही, आताच कसा होईल? मी तिला खोलीची आठवण करून दिली, ओळखपत्राची, त्या खिडकीतल्या कारकुनाची. आता सांगितलं तर सगळं रद्द. निकालानंतर सांगू.

ती पोळ्या लाटत राहिली. एकाही पोळीकडे न बघता.

३ एप्रिल
मॅडमचा फोन. सगळं ठीक? सगळं ठीक, म्हणालो. ही शेजारीच उभी होती. फोन ठेवल्यावर आत निघून गेली.

१८ मे
शेवटचा पेशंट झाला. सगळी माहिती सीलबंद करून मॅडमकडे. हाडांचे डॉक्टर जिन्यात भेटले, कसं चाललंय विचारलं. समाधानकारक, असं म्हणालो. त्यांच्याकडे बघायला मला कमरेतून वळावं लागलं. ते काही बोलले नाहीत. सुसंस्कृत माणूस.

सुताराला पितळी अक्षरांच्या पाटीची ऑर्डर दिली. मजकूर: ‘विभागप्रमुख’.

हिने मॅडमचा नंबर मागितला. नंबरांची वही सापडत नाही म्हणालो. वही खिशात होती. ही माझ्या खिशाकडे बघत राहिली.

२५ जून
उद्या निकाल. चार ओळींचं भाषण पाठ केलं. संस्कृत वचन घालायचा मोह टाळला. उशी न घेता झोपावं लागतं.

२६ जून
घडलं तसं लिहितो.

हॉस्पिटलची मीटिंग रूम. डॉक्टर, मॅडम, ट्रस्टचे सेक्रेटरी, मी, ही. कोणता गट कोणता, हे मॅडमनाही माहीत नव्हतं, यादी बंद पाकिटात. त्यांनी आधी आकडे वाचले. पहिल्या गटात तिसांपैकी सहा जण सुधारले. दुसऱ्या गटात तेवीस.

मी उठलो. सेक्रेटरींशी हस्तांदोलन केलं. डॉक्टरांशी केलं. मसाजला आज न्याय मिळाला, असं म्हणालो. भाषणाच्या दोन ओळी झाल्या असतील. मग मॅडमनी पाकीट फाडलं.

दुसरा गट खोटा होता.

सेक्रेटरींनी विचारलं, म्हणजे मसाज न केलेला बरा? मॅडम म्हणाल्या, "तसंही म्हणता येत नाही. यांनी मसाजचा अभ्यासच केला नाही. नवरा-बायकोचा केला."

आकड्यांमध्ये काही तांत्रिक त्रुटी असावी, असं मी म्हणत होतो. तेवढ्यात ही उभी राहिली.

"मी खोटा केलाच नाही. मला तो करता आला नाही."

किती जणांना, असं डॉक्टरांनी विचारलं.

"तिसांनाही खराच केला," ती म्हणाली. मग माझ्याकडे बोट न दाखवता, "एप्रिलपासून आम्हाला माहीत होतं."

‘आम्हाला’ म्हणाली. ‘यांना’ म्हणाली नाही. याची नोंद घेतो.

४ जुलै
ट्रस्टचं पत्र. अभ्यास बाद. दोन वर्षांनी नव्याने अर्ज करता येईल, मुख्य संशोधक दुसरा असल्यास.

तळमजल्यावरच्या खोलीत प्लास्टरचं सामान गेलं. सुताराने पाटी आणून दिली. तूर्त कपाटावर, तोंड भिंतीकडे.

हाडांच्या डॉक्टरांचं वेगळं पत्र आलं आहे. मला वाटलं सांत्वनाचं. पाकिटावर हिचं नाव. आठवड्यातून तीन सकाळी त्यांच्या विभागात, पडद्यामागे एक खुर्ची, सहा महिने बघू. पुरावा म्हणून नाही, पेशंट विचारतात म्हणून. सोबत फॉर्म.

ही व्यवसायाच्या रकान्याशी आली तेव्हा मी थांबून पाहत होतो. ‘मसाज थेरपिस्ट’. हिचं पेन अडखळलं नाही. अक्षरही नेहमीपेक्षा मोठं.

मी दोन वर्षांनी अर्ज करणार आहे. मुख्य संशोधकाचं नाव बदलायचं की नाही, यावर विचार चालू.

८ जुलै, सकाळी नऊ
मान आज मुळीच वळेना. बुटांची नाडी बांधता आली नाही. हिने खाली बसून बांधली आणि खुर्चीकडे बोट दाखवलं. नियम आठवला. संशोधन बंद असल्यामुळे तो लागू नाही, असा निर्णय घेतला. बसलो.

ती मागे उभी राहिली. हात ठेवायच्या आधी विचारलं, "खरा हवा की खोटा?"

खोटा, म्हणालो.