बाळाराम कशावर रडेल

८ मार्च
सायली नाटक ठेवून गेली. दादाची मुलगी. माणच्या यात्रेत गावातली पोरं दरवर्षी नाटक करतात, यंदाचं हिने लिहिलंय. "आत्या, फक्त शुद्धलेखन बघ." घरातला प्रत्येक कागद वाचायला माझ्याकडे. बी.ए. मी एकटी ना.

९ मार्च
वाचलं. डोकं तापलंय.
खलनायक बाळाराम. जमीन बिल्डरला द्यायची म्हणून विधवा बहिणीची हक्कसोडीवर सही घेतो. म्हणजे दादाच. गेल्या दिवाळीत तो गेला आणि हिने लगेच स्टेजवर उभा केला. करू दे. पण त्याला तीन स्वगतं! लहानपणची उपासमार, पोरांच्या शिक्षणाची काळजी, शेवटी विकलेल्या बांधावर बसून हंबरडा. बहिणीला एकूण दोन वाक्यं. "कुठं करू सही?" आणि "तू म्हणशील तसं."
उपासमार कुठली? घरात भाताच्या पोत्यांवर आम्ही झोपायचो.

११ मार्च
सा.ला फोन.
"नुसता वाईट माणूस कोणी बघत नाही, आत्या. त्याचं दुःख दिसायला पाहिजे."
"आणि जिचं घेतलं तिचं?"
"ते आपोआप दिसतंच ना."
आपोआप! समासात तांबड्या शाईने लिहिलं, 'बहीण मुकी आहे का?'

१४ मार्च
भूगावहून माणला, अक्काकडे. नाटकातली विधवा बहीण ती हीच, माझी थोरली. दादाच्याच इमारतीत जिन्याखालची खोली. वर आयटीतली पोरं भाड्याने. जिना अक्का झाडते. कोणी सांगितलेलं नाही, म्हणते. कोणी थांबवलेलंही नाही.
नाटकाचं सांगितलं. वाटलं, चिडेल.
"माज्यावर नाटक? अगं बया! माजं काम कोन करतंय?"
"सरपंचांची सून."
"ती लई बारीक हाय. सही करताना रडती का?"
"नाही."
"मी बी न्हवते रडले. दादा रडलावता. येताना, जीपमदी. तू पिरंगुटला उतरल्यावर."
हे मला माहीत नव्हतं. म्हणजे पोरीने ते रडणं मनाने रचलेलं नाही. राग आणखीच वाढला. रडलास, आणि कागद खिशात ठेवलास.

१६ मार्च
सा. आली. हंबरडा काढ म्हटलं.
"बाबा खरंच रडायचे. शेवटी शेवटी रोज. अक्काआत्याचं नाव घेऊन."
"मग एक गुंठा तरी तिच्या नावावर का नाही केला?"
पेन उघडत म्हणते, "हे वाक्य घेऊ नाटकात?"
घे म्हटलं. आणि सहीचा प्रसंगही पुरा दाखव, जसा झाला तसा.
"जसा झाला तसा दाखवला तर त्यात तू येतेस, आत्या. बाबांनी सगळं सांगितलंय. म्हणून तर नाटकातून काढलं मी तुला."
चहा न घेता गेली.

१७ मार्च
लिहूनच टाकते. हक्कसोडीचा कागद मी वाचला. पंचवीस वर्षांपूर्वी, पौडला, ऑफिसबाहेरच्या बाकावर, एक शब्द न गाळता. अक्का म्हणाली, "कुसुम म्हनंल तर करते." मी म्हटलं, "कर. माहेर राहील." माझी सही आधीच झाली होती. सगळ्या बहिणी करतात. साडी येते, दिवाळीचं बोलावणं राहतं. मला नोकरी होती, नवऱ्याचं घर होतं. तिला काय होतं?
दुपारची पाळी गाठायची होती. दादाचा धाक होता. तेव्हा कायदा कोणाला...
बघ. सुरू झालं माझंही स्वगत.

१९ मार्च
प्रसंग मीच लिहिला. दीड पान. शिकलेली धाकटी बहीण, काखेत पर्स, सारखी घड्याळ बघते. तिला स्वगत नाही, रडणं नाही. सा.ला पाठवला. तिचा लगेच फोन.
"गाव समोर बसणार आहे. अक्काआत्या पहिल्या रांगेत. तिला विचारलंस?"
नाही विचारलं. स्वतःचाच संताप आला.

२० मार्च
अक्काला दीड पान वाचून दाखवलं. पायरीवर बसून ऐकलं तिने. वरून एक पोरगं हेडफोन लावून उतरलं, तिने पाय आखडून घेतले.
"ब्येस लिवलंयस. तुजं घड्याळ बी आठवलं तुला."
"मग ठेवू?"
"ठिव की. पर मला न्हाई म्हनायचंय."
"ठेवायला नाही?"
"सहीला. यकदा. माजं काम करतीया ती, तिनं न्हाई म्हनावं. मोट्यानं."
"अक्का, तसं झालं नव्हतं."
"झालंवतं तसं म्या बगितलंय की. त्येच पुन्यांदा बगाया कोन बसतंय?"

२१ मार्च
सा.ला सांगितलं. ती हादरलीच. "ती नाही म्हणाली तर बाळाराम रडेल कशावर? नाटकच उभं राहत नाही, आत्या!"
न राहो.
शनिवारी तालीम. सकाळपासून टेबलाशी बसलेय. अक्काचं 'न्हाई' लिहून झालं. त्यानंतर तिघं बाकावर तशीच बसून आहेत, दादाच्या हातात कागद, आणि कोण काय बोलतं ते मला अजून ऐकू येत नाही.