खड्ड्याला माती पुरत नाही

१८ जानेवारी, रविवार
नेऱ्याला पोचलो. मजा आहे! अलिबागचं होड्या रंगवायचं काम अर्धवट सोडलं, मग नुसताच हिंडत होतो, आणि आता हे. घर बांधण्याआधी जमीन तपासायची असते, त्यासाठी खड्डे खणायचे. राहायला प्लॉटवरच पत्र्याची खोली, समोर प्रबळगड. असा डोंगर दिसला की माझं कामात लक्ष लागत नाही, हे मालकांना सांगितलेलं नाही. मालक म्हणजे आनंदाशेठ. त्यांची सून किशोरीवहिनी. नवरा बोटीवर असतो, यांना सातवा महिना लागलाय, तरी जेवण घेऊन स्वतः आल्या. तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी. जोडीला बाळू. माझे हात बघून म्हणाला, तू काय खणनार, तू तर नवरदेव हायेस.

१९ जानेवारी, सोमवार
ईशान्येच्या कोपऱ्यात छातीइतका खड्डा झाला. वर काळी माती, मग पिवळट मुरूम, तळाला कातळ. पहार मारली की ठणठण वाजतो. माती तपासणारे सत्यजीतसर आले, पिशव्यांत नमुने भरले, जमीन फर्स्ट क्लास म्हणाले. शेठचं समाधान झालं नाही. त्यांच्याकडे जुनी रीत आहे. निघालेली माती त्याच खड्ड्यात परत भरायची. उरली तर घर बांधायचं, कमी पडली तर नाही. मला गंमत वाटली. खणलेली माती फुगते, उरणारच की.

२० जानेवारी, मंगळवार
कमी पडली. सगळी ढकलली तरी कंबरेइतका खड्डा रिकामा. बाळूने विचारलं, गुपचूप खाल्लीस काय रं? शेठ हसले नाहीत. शुक्रवारी वसंत पंचमीचं भूमिपूजन ठरलंय, आमंत्रणं गेलीत, वहिनी याच खड्ड्यात उतरून कलश ठेवणार. घरात बोलू नका, उद्या परत खणा, म्हणाले. सरांना फोन केला तर म्हणे तुमच्या पायांनी दबली असेल. पण भरताना आम्ही आत पाय ठेवलाच नव्हता.

२१ जानेवारी, बुधवार
परत खणला, परत भरला. आज माती गुडघ्याच्या वर आलीच नाही. खाली कुठे पोकळी आहे का बघायला बाळू पहार घेऊन उतरला. मी पाणी आणायला गेलो. वाटेत पोरं पतंग उडवत होती, तिथे जरा रेंगाळलो. आलो तर खड्डा काठोकाठ भरलेला. वर ढीग उरलेला. काठावर बाळूच्या चपला.
शेठ खूश. पेढे वाटले. बाळू पळाला असेल, असली मानसं टिकत नाय, म्हणाले.
अनवाणी?

२२ जानेवारी, गुरुवार
सकाळपासून एकटाच उपसतोय. बाळू नाही. पहारही नाही. नुसती माती — कोमट. तळाचा कातळ आता वाजत नाही. ठोकला की दबतो. पोटासारखा.
बाळूच्या घरी फोन केला. पोचलेला नाही. शेठना सांगितलं तर विचारतात, सकाळीच घेतलीस काय?
माती परत ढकलली. जेमतेम तळ झाकला. परत भूक लागल्यासारखा.
वहिनींना म्हटलं, उतरू नका. त्या हसल्या. म्हणाल्या, भावेशभाऊ, मामंजी सांगतात माती उरली, मग भीती कसली? आणि पोटावर हात ठेवून म्हणाल्या, आमाला घर नको काय?

२३ जानेवारी, शुक्रवार
बॅग घेऊन रस्त्यापर्यंत गेलो. रिक्षाही थांबली. बसवेना. परत आलो.

शेजारची माती आणून ओततोय. ओतली की खाली जाते — पाण्यासारखी —

बेंजो वाजतोय. वाजतगाजत निघाले. वहिनी पुढे, हातात कलश. ओरडलो. ऐकू जात नाही. शेठच्या माणसांनी धरून बाजूला केलं — सुटलो.

हा कशाने भरतो ते मला कळलंय. भरलेल्या खड्ड्यात कुणी उतरत नाही.

उतरलोय. वही काठावर ठेवून लिहितोय. तळवे भाजतायत. वहिनी फाटकाशी आल्या —

पोटऱ्या गेल्या. ओढत नाही — धरतंय नुसतं — काठावरची माती हलली. आपोआप येतेय — वहिनी, तिथेच थां