लाल दोऱ्याची मासळी जेवणात वाढली गेल्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
अन्न तपासणी प्रयोगशाळा.

विषय : नमुना मासळी आपल्या पानात वाढली गेल्याचा खुलासा व नोकरीवर ठेवण्याची विनंती.
संदर्भ : मला मिळालेली कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

मी आपल्या उपाहारगृहात स्वयंपाकीण आहे. मी नमुना नष्ट केला, हा नोटिशीतला आरोप मला अर्धाच मान्य आहे. मी तो फक्त तळला.

१. संशोधक बाईंनी एकाच दिवशी पकडलेल्या मासळीचे तीन वाटे केले होते. एक वाळवला, एक खारवला, एक गोठवला. सहा महिन्यांनी कशात किती जीवनसत्त्व उरते ते पाहायचे होते. वाळवलेल्यातले ‘अ’ उन्हाने बरेचसे खाल्ले आणि खारवलेल्यातले ‘ब’ मिठाच्या पाण्याबरोबर गेले, एवढे कळले आहे. गोठवलेल्याचे कळायच्या आत जेवणाची सुट्टी झाली.

२. प्रयोगशाळेचा फ्रीजर बिघडल्याने तो वाटा आमच्या फ्रीजरमध्ये ठेवला होता. कोणी हात लावू नये म्हणून बाईंनी पिशवीला लाल दोरा बांधला. आमच्याकडे लाल दोरा म्हणजे साहेबांच्या पानासाठी राखीव. ही पद्धत आपल्याच तोंडी आदेशाने सुरू झाली, हे नम्रपणे नमूद करते.

३. त्या दिवशी आपण दोनदा वाढून घेतलेत आणि पाहुण्यांना म्हणालात, “ताजी मासळी ती ताजी. फ्रीजरमधल्या माशाला ही चव यायची नाही.” साहेबांच्या तोंडचा घास कशाला कडू करा, म्हणून फ्रीजरचे नाव न काढता मी लिंबाची फोड वाढली.

४. बाई रिकाम्या कढईकडे नुसत्या बघत बसल्या. त्याचे मला फार वाईट वाटते. नोटीस मात्र मी घरी अजून दाखवलेली नाही, कारण घरात कमावणारी मी एकटीच आहे.

५. नमुना ‘मूळ स्थितीत आठ दिवसांत सादर करावा’ असा आदेश आहे. हे आता माझ्या हातात नाही, आणि क्षमा असावी, आपल्याही नाही. सहा महिन्यांची जुनी मासळी मी बाजारात मागितली, तर मासेवाली माझ्यावरच उखडली. शेवटी ताजी घेतली आणि बाईंच्या देखत गोठवायला ठेवली. सहा महिन्यांनी ती तपासणीला तयार होईल. तोवर तिच्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवणारे माणूस हवे. आपण रोज याच उपाहारगृहात जेवता, हे पाहता ते माणूस मीच असावे, ही विनंती.

आपल्या पानाची काळजी वाहणारी,
आपली नम्र,
(सही)
स्वयंपाकीण, उपाहारगृह

दिनांक : मुदतीचा शेवटचा दिवस

सोबत : फ्रीजरच्या नव्या कुलपाची पावती. किल्ली जोडलेली नाही.