होड्यांवरचं नेटवर्क

२० जुलै
मृणालीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू ९ ऑगस्टला. पुण्याची कंपनी. आमच्या घरात रेंजची एकच दांडी, तीही खिडकीबाहेर मान काढली तर. किशोरी म्हणाली, पोरीला अलिबागला माझ्या भावाकडे पाठवू, त्याच्याकडे वायफाय आहे. मी ठणकावलं, बाप जिवंत असताना लेक मामाच्या वायफायवर बसणार नाही. आजपासून व्हिडिओ बघून नेटवर्कचा अभ्यास.

२२ जुलै
वायरलेसचे दोन मोड. इन्फ्रास्ट्रक्चर मोडमध्ये सगळे मधल्या एका डब्याशी बोलतात, एकमेकांशी नाही. आमचं घर याच मोडवर चालतं, डबा किशोरी. ॲड-हॉकमध्ये मधे कोणी नसतं, ज्याला जो सापडेल त्याच्याशी तो बोलतो. किशोरीला हे नीट समजावलं. ती म्हणाली, भात वाढू का?

२५ जुलै
मच्छीमार सोसायटीत ब्रॉडबँड आहे. चेअरमनने पासवर्ड दिला. स्टार टोपोलॉजी करून पाहिली, म्हणजे मधे राउटर आणि भोवती बाकीचे. सिग्नल बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीपाशी संपला. चूक भिंतीची.

२८ जुलै
सुचलं! मेश! पहिल्याने दुसऱ्याला द्यायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला. सोसायटीपासून आमच्या दारापर्यंत होड्या ओळीने किनाऱ्यावर ओढून ठेवल्यात. प्रत्येकीला काठी, प्रत्येकीत बॅटरी. अख्ख्या थळ गावात हे कुणाच्या डोक्यात येऊ नये? सिग्नल पुढे ढकलणारे डबे मागवले.

१ ऑगस्ट
डबे बांधले. चुलतभाऊ रघू, निम्म्या होड्या त्याच्याच, खाली रंग देत होता. म्हणाला, "दादा, यो डबा कवापरयंत ठेवाचा हाय?" म्हटलं, कायमचा. तो दर्याकडे बघून परत रंगाला लागला. लोकांना नवीन काही पचत नाही.

४ ऑगस्ट
घरात फुल्ल रेंज! मृणाली म्हणाली, पप्पा, मस्त. मान वर केली नाही. भरून आलं असणार.

८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
होड्यांना पताका. एका डब्याला कुणीतरी हारही घातला. मीही मिरवणुकीत नाचलो.

संध्याकाळी
दर्याला नारळ दिला आणि रघूने होडी लोटली. मागोमाग सगळ्यांनी. माझं नेटवर्क निघालं. मी ओरडलो, बँजोत कुणाला ऐकू गेलं नाही. रघूने उलट हात हलवला. जन्मापासून बघतोय, नारळ दिला की होड्या जातात. व्हिडिओत हे कुणी सांगत नाही.

९ ऑगस्ट
ठरवलं, छपरावर चढून हॉटस्पॉट धरून उभा राहतो. मृणालीला हाक मारली. घरात नाही. सकाळीच रिक्षाने अलिबागला गेली. किशोरी म्हणाली, मामाला तिने पहिल्याच दिवशी विचारून ठेवलं होतं. मग मला का नाही सांगितलं? म्हणाली, "तुमी येवढे खुशीत व्हते, कसा सांगाचा?"

दुपारी
मेव्हण्याचा फोन. पोरीला कंपनीने घेतलं. मी म्हटलं, मला माहीतच होतं. मग मोरीत जाऊन तोंड धुतलं. फार वाईट वाटलं. इंटरव्ह्यू तिचा होता आणि इतके दिवस ती सांभाळत मला होती.